उसळी घेणारे विशेषण : ‘बाउन्सी’



या सदरात दरमहा एक इंग्रजी शब्द घेऊन त्याचा व्यवहारातील उपयोग आपण पाहत असतो. आजवर घेतलेले बहुतेक शब्द पेढी, बँक आणि करकचेरी यांच्या परिसरातले होते. या वेळचा शब्द मात्र घरातला, दुकानातला, मैदानावरचा आणि जाहिरातीतला आहे. तो शब्द म्हणजे ‘बाउन्सी’. क्रिकेटचे समालोचन ऐकणाऱ्या नातवाला तो ठाऊक असतो, केसांच्या शाम्पूची जाहिरात पाहणाऱ्या सुनेला ठाऊक असतो आणि राजारामपुरीतल्या गाद्यांच्या दुकानात उभ्या असलेल्या विक्रेत्याच्या तोंडीही तो असतो. सर्वांना तो कानाने माहीत आहे. परंतु स्वतः वाक्यात वापरण्याची वेळ आली की मन कचरते. ज्यांचे कचरत नाही, ते ‘उसळणारा’ एवढा एकच मराठी अर्थ धरून तो कोठेही बसवतात. मग विकलेला माल परत येतो, किंवा विवाहासाठी दिलेल्या परिचयपत्रावर समोरच्या घरी हसू होते. म्हणून या छोट्या शब्दाचा हिशेब एकदा नीट मांडून पाहू.

प्रथम शब्दाची घडण. मूळ क्रियापद ‘बाउन्स’. जुन्या इंग्रजीच्या मधल्या काळात त्याचा अर्थ आपटणे, धडकणे असा होता. आपटून परत उसळणे हा अर्थ नंतर रूढ झाला. ‘बाउन्स’च्या स्पेलिंगमधील शेवटचा ‘ई’ गळतो, त्या जागी ‘वाय’ येतो आणि विशेषण तयार होते. ‘स्पाइस’चे ‘स्पायसी’, ‘ज्यूस’चे ‘ज्यूसी’, ‘आइस’चे ‘आयसी’ होते, तसेच हे. आपल्या भाषेतही ही युक्ती आहे. तेल आणि तेलकट, धूळ आणि धुळकट, आळस आणि आळशी, पाऊस आणि पावसाळी या जोड्या पाहाव्यात. नामाला किंवा क्रियापदाला शेपूट जोडले की तो गुण अंगी असणारी वस्तू सूचित होते. उच्चार करताना जोर पहिल्या अवयवावर द्यावा : बाउन्-सी. तुलना करताना ‘मोअर बाउन्सी’पेक्षा ‘बाउन्सिअर’ हे रूप अधिक प्रचलित आहे. सर्वांत उसळणाऱ्यासाठी ‘बाउन्सिएस्ट’ आणि या गुणाचे नाव ‘बाउन्सिनेस’. शब्द बोलीभाषेच्या अंगाने जाणारा आहे, ही गोष्ट आरंभीच लक्षात ठेवावी. कार्यालयीन पत्रात तो सहसा शोभत नाही.

आता अर्थ. पहिला आणि मूळ अर्थ असा : जी वस्तू आपटली असता जोमाने परत येते, ती बाउन्सी. ‘धिस बॉल इज व्हेरी बाउन्सी’, म्हणजे हा चेंडू चांगला टप्पा घेतो. येथे हिशेबी वाचकांना एक गंमत सांगतो. टेनिसच्या नियमांत चेंडूची ही उसळी मोजून ठरवलेली आहे. २५४ सेंटिमीटर उंचीवरून कठीण पृष्ठभागावर सोडलेला नेहमीच्या प्रकारचा चेंडू १३५ ते १४७ सेंटिमीटरपर्यंत परत यावा लागतो. म्हणजे १०० रुपये गुंतवले तर ५३ ते ५८ रुपये हाती परत. टेबल टेनिसमध्ये नियम टेबलाविषयी आहे : ३० सेंटिमीटरवरून सोडलेला चेंडू सुमारे २३ सेंटिमीटर उसळला पाहिजे. येथे परतावा सुमारे ७७ टक्के पडतो. जितका परतावा अधिक, तितकी वस्तू अधिक बाउन्सी. या शब्दाचा गाभा ‘परत देणे’ हाच आहे आणि पुढील सर्व अर्थ त्यातूनच निघतात.

मात्र हे विशेषण चेंडूप्रमाणे जमिनीलाही लागते. ‘अ बाउन्सी पिच’ म्हणजे चेंडू उंच उसळवणारी खेळपट्टी. मराठी वृत्तपत्रे तिला ‘उसळती खेळपट्टी’ म्हणतात आणि हे भाषांतर उत्तम आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थचे जुने मैदान या गुणासाठी जगप्रसिद्ध होते. तेथेच जानेवारी २००८ मध्ये अनिल कुंबळे यांच्या नेतृत्वाखाली भारताने ७२ धावांनी कसोटी जिंकली, म्हणून त्या विजयाचे अप्रूप अधिक वाटले. येथे एक बारकावा आहे. काही चेंडू उंच उसळतात आणि काही घोट्याखाली राहतात, अशा खेळपट्टीला कोणी ‘बाउन्सी’ म्हणत नाही. तिला ‘अनईव्हन बाउन्स’ आहे असे म्हणतात. बाउन्सी या शब्दात भरवशाची, पुनःपुन्हा येणारी उसळी अभिप्रेत आहे.

आपल्या कोल्हापुरात या भेदाची दोन उत्तम उदाहरणे हाताशी आहेत. शाहू स्टेडियमवर तालीम संघांचे फुटबॉल सामने चालू असताना उन्हाने मैदान कडक झाले की चेंडू उंच उसळतो आणि खेळाडूंना तो पायाशी थोपवणे कठीण जाते. ते मैदान बाउन्सी. याउलट राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये उभारलेल्या खासबाग मैदानातला कुस्तीचा हौदा पाहावा. तेल, ताक, हळद घालून मळलेली ती लाल माती पडलेल्या मल्लाला झेलते, परत उडवत नाही. ती ‘सॉफ्ट’ आहे, बाउन्सी नव्हे. मऊ असणे आणि उसळी देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे खासबागेत बसलेल्या माणसाला निराळे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरा अर्थ घरातल्या वस्तूंना लागतो. ज्यावर बसले, उड्या मारल्या असता आपणच उसळतो, ती वस्तूही बाउन्सी : ‘अ बाउन्सी बेड’, ‘अ बाउन्सी सोफा’. जत्रेत आणि प्रदर्शनात मुलांसाठी हवा भरलेला जो मोठा रबरी किल्ला उभा करतात, त्याचे इंग्लंडमधील नावच ‘बाउन्सी कॅसल’ आहे. आता गादीचे उदाहरण घेऊ, कारण येथेच व्यापाऱ्याची परीक्षा होते. कापूस नव्याने पिंजून भरलेली गादी फुगीर दिसते. बसताच ती दबते आणि बराच वेळ दबलेलीच राहते. ती ‘सॉफ्ट’. काथ्याची गादी फारशी दबतच नाही, ती ‘फर्म’. स्प्रिंगची किंवा लेटेक्सची गादी दबते आणि तत्काळ वर ढकलते, ती ‘बाउन्सी’. मेमरी फोमची गादी दबते, अंगाचा आकार घेते आणि हळूहळू पूर्वस्थितीवर येते. तिला बाउन्सी म्हणणे सर्वथा चूक. पाठदुखीचा रुग्ण ज्या गादीच्या शोधात असतो, ती बहुधा बाउन्सी नसते आणि शेजारी झोपलेल्या माणसाने कूस बदलली तरी ज्यांची झोप मोडते, त्यांच्या दृष्टीने तर हे विशेषण सावधगिरीची सूचनाच होय. लहान मुलांच्या खोलीसाठी पलंग शोधणाऱ्याला मात्र तेच विशेषण आकर्षित करील. शब्द तोच, गिऱ्हाईक बदलले की त्याची किंमत बदलते.

या ठिकाणी ‘स्प्रिंगी’ या सख्ख्या भावाची ओळख करून घ्यावी. बोटाने दाबले असता दबून लगेच मूळ आकारावर येणारी वस्तू स्प्रिंगी. भाजलेला केक झाला की नाही, हे पाहण्यासाठी वर हलके बोट दाबतात. खड्डा भरून आला तर केक तयार. इंग्रजी पाककृतींत त्या अवस्थेला ‘स्प्रिंगी टू द टच’ म्हणतात. आपल्या घरी अंडे न घालता, दही आणि सोडा यांच्या साहाय्याने केलेल्या केकलाही हीच कसोटी लावता येते. हिरवळीवरून चालताना पायाखाली जो सुखद दाब जाणवतो, तोही स्प्रिंगी. ढोकळ्याला मात्र ‘स्पंजी’ म्हणावे, कारण तेथे जाळी महत्त्वाची. केक जमिनीवर टाकला असता उसळत नाही, ढोकळाही उसळत नाही. म्हणून खाद्यपदार्थाला बाउन्सी म्हणताना दहादा विचार करावा. इडली बाउन्सी झाली आहे असे यजमानीणबाईंना कोणी सांगितले, तर ती स्तुती आहे की रबरासारखी झाल्याची तक्रार आहे, असा प्रश्न त्यांना पडेल.

तिसरा अर्थ चैतन्याचा. ‘बाउन्सी हेअर’ म्हणजे भरदार केस, जे चालताना हलतात आणि पुन्हा आपल्या जागी येतात. ‘अ बाउन्सी वॉक’ म्हणजे पावलागणिक उत्साह दिसणारी चाल. ‘अ बाउन्सी ट्यून’ या शब्दप्रयोगाला मराठीत तर नेमका तोडीस तोड शब्द आहे : ‘उडती चाल’. एखादे स्तवन चित्रपटगीताच्या उडत्या चालीवर बसवले, तर ती चाल इंग्रजीत बाउन्सी ठरेल. त्यातील भावाला मात्र हे विशेषण लागणार नाही.

माणसाला हा शब्द लावताना सर्वाधिक जपावे लागते. लहान मुलाला, तरुण मित्राला ‘बाउन्सी’ म्हटले तर त्यात कौतुक असते : उत्साही, हसतमुख, एका जागी न बसणारा. परंतु त्या कौतुकात ‘जरा अतीच’ असा चिमटाही लपलेला असू शकतो. ए. ए. मिल्न या इंग्रज लेखकाने १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द हाउस अ‍ॅट पू कॉर्नर’ या बालपुस्तकात टिगर नावाचा वाघ आहे. उड्या मारणे हा त्याचा स्वभाव. त्याच्या उसळीचा मित्रांना इतका त्रास होतो की, एका प्रकरणात ते त्याची उसळी घालवण्याचा कट रचतात आणि अखेर कट रचणारेच धुक्यात वाट चुकतात. टिगर आपला जसाच्या तसा. इंग्रजी वाचणाऱ्या घरांतील मुले हा वाघ लहानपणीच ओळखतात, त्यामुळे ‘बाउन्सी’ म्हणताच त्यांच्या मनात प्रेमळ पण दमवणारे व्यक्तिमत्त्व उभे राहते. म्हणूनच विवाहाच्या परिचयपत्रात मुलीविषयी किंवा मुलाविषयी ‘बाउन्सी नेचर’ असे लिहू नये. तेथे ‘चिअरफुल’ किंवा ‘लाइव्हली’ हे शब्द योग्य. नोकरीच्या शिफारसपत्रात ‘एनर्जेटिक’ लिहावे. ज्येष्ठ व्यक्तीच्या अमृतमहोत्सवात ‘ही इज बाउन्सी’ असे म्हणणे औचित्याला सोडून होईल, ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणावे. बाळ जन्मल्याची वार्ता देताना इंग्रजीत ‘अ बाउन्सिंग बेबी बॉय’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. तेथे रूप ‘बाउन्सिंग’ आहे आणि अर्थ सुदृढ, गुटगुटीत असा आहे. तयार मोहोर आहे ती. तिच्यात आपण फेरफार करू नये.

आता ज्या अर्थाची व्यापारी घरांना सर्वाधिक सवय आणि सर्वाधिक धास्ती आहे, त्याकडे वळू : चेक बाउन्स होणे. बँकेतून परत आलेला चेक चेंडूप्रमाणे देणाऱ्याच्या दिशेने उसळतो, या कल्पनेतून हा बोलीप्रयोग आला. असल्या चेकला इंग्रजी बोलीत ‘रबर चेक’ही म्हणतात. पण लक्षात घ्यावे, ‘बाउन्सी चेक’ असे म्हणत नाहीत. ‘द चेक बाउन्स्ड’ किंवा ‘अ बाउन्स्ड चेक’ एवढेच शुद्ध. क्रियापद जेथे नामुष्की सांगते, तेथे त्याच कुळातील विशेषण चैतन्य सांगते. ही भाषेची लहर म्हणून पाठ करावी. शिवाय कायद्याच्या लिखाणात हा शब्द येतच नाही. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टमध्ये १ एप्रिल १९८९ पासून जे प्रसिद्ध कलम १३८ लागू झाले, त्यात शब्द आहे ‘डिसऑनर’, म्हणजे अनादर. बँकेकडून चेक परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यावर पैसे भरण्यास १५ दिवसांची मुदत, आणि तरीही पैसे न दिल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्याची चौकट आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ असेल. तेव्हा वकिलाला किंवा बँकेला पत्र लिहिताना ‘डिसऑनर्ड’ लिहावे आणि मित्राशी बोलताना ‘बाउन्स झाला’ म्हणावे. मराठीत तर आपल्याजवळ याहून सुंदर क्रियापद आहे : ‘वटणे’. हुंडी वटली, धनादेश वटला नाही. याच कुळातला ‘वटणावळ’ हा शब्द जुन्या चोपड्यांतून अद्याप आढळतो.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी तीन शब्द शेजारी मांडून ठेवतो, कारण आर्थिक वृत्तपत्रांत ते सारखे भेटतात आणि बाउन्सीशी त्यांची गल्लत होते. ‘इलॅस्टिक’ म्हणजे लवचीक. ताणले तर ताणणारे आणि सोडले तर पूर्ववत होणारे. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात मागणीच्या लवचिकतेची कल्पना रूढ केली, ती याच शब्दाच्या आधारे. मिठाचा भाव थोडा वाढला म्हणून कोणी मीठ कमी खात नाही. ती मागणी ‘इनइलॅस्टिक’. ‘रेझिलिअंट’ म्हणजे आघात सोसून सावरणारा. या शब्दाच्या लॅटिन मुळातही ‘मागे उडी घेणे’ हाच अर्थ आहे. महापुरात दुकानात पाणी शिरल्यावर, चिखल काढून जी पेढी पुन्हा दार उघडते, तिला रेझिलिअंट म्हणावे. तिला बाउन्सी म्हटले तर थट्टा होईल. क्रियापदाचा ‘बाउन्स बॅक’ हा प्रयोग मात्र येथे चालतो : ‘द बिझनेस बाउन्स्ड बॅक’. तिसरा शब्द ‘बॉयंट’, म्हणजे तरंगता, तेजीत असणारा. तेजीच्या बाजाराला ‘बॉयंट मार्केट’ म्हणतात. ‘बाउन्सी मार्केट’ म्हटले तर वरखाली उड्या मारणारा बाजार असा अर्थ निघेल आणि गुंतवणूकदार सावध होईल.

एवढा ऊहापोह एका शब्दासाठी कशाला, असे कोणी विचारील. उत्तर आपल्या धंद्यातच आहे. पूर्वी गिऱ्हाईक दुकानात येई, गादीवर हात दाबून पाही, कापडाचा पोत बोटांत घेऊन तपासे. आज इचलकरंजीचे कापड, हुपरीची चांदी, कोल्हापूरचा गूळ यांची खरेदी मोबाइलच्या पडद्यावर होऊ लागली आहे. पडद्याला हात लावून स्पर्श कळत नाही. हाताचे काम आता विशेषणाला करावे लागते. आणि विशेषण म्हणजे नुसते अलंकरण नव्हे. १९३० च्या सेल ऑफ गुड्स अ‍ॅक्टचे कलम १५ असे सांगते की, वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे, ही विक्रीची गर्भित अट असते. ई-कॉमर्ससाठी २०२० मध्ये झालेल्या ग्राहक संरक्षण नियमांतही, मालाची जाहिरात त्याच्या प्रत्यक्ष गुणधर्मांशी सुसंगत असावी, असे बंधन विक्रेत्यावर घातले आहे. एखादे विशेषण निश्चित वर्णन ठरते की केवळ विक्रेत्याची कौतुकाची भाषा, हे त्या त्या व्यवहाराच्या संदर्भावर अवलंबून राहील. पण माल परत येण्यासाठी न्यायालयापर्यंत जावे लागत नाही. गिऱ्हाइकाचा अपेक्षाभंग पुरेसा असतो. ‘फर्म’ वाचून मागवलेली गादी ‘बाउन्सी’ निघाली, तर जाण्यायेण्याचे भाडे, खराब झालेले वेष्टन आणि खाली उमटलेला नाराजीचा अभिप्राय, तिन्ही खाती नावे पडतात.

कापडाच्या व्यापारातही हा भेद उपयोगी आहे. कापड हातात कसे लागते, याला त्या धंद्यात ‘हँड’ किंवा ‘फील’ म्हणतात. ओढले असता लांबणारे कापड ‘स्ट्रेच’. मुठीत चुरगाळून सोडले असता पुन्हा फुलणारे लोकरी कापड ‘स्प्रिंगी’ किंवा ‘बाउन्सी’. अंगावरून सुळकन ओघळणारे कापड ‘फ्लुइड’. साध्या सुती कापडाला बाउन्सी म्हणून परदेशी खरेदीदाराला नमुना पाठवला, तर तो पहिल्या स्पर्शातच आपली पारख करील, मालाची नंतर.

चेक लिहिताना खात्यात शिल्लक आहे ना, हे आपण आधी पाहतो. विशेषण लिहितानाही मालाच्या अंगी तो गुण शिल्लक आहे ना, हे तसेच पाहावे. गिऱ्हाइकाच्या दारी ते विशेषण वटले पाहिजे.

हे शिकावे कसे? येथे व्यापारी घरांना एक जन्मजात सोय आहे. आपल्याला खतावणी ठाऊक आहे. रोजमेळात शब्द जसे कानावर येतील तसे टिपावेत; मग प्रत्येक शब्दाचे स्वतंत्र खाते उघडावे. ‘बाउन्सी’ या खात्याच्या जमेच्या बाजूस ज्या नामांशी तो जमतो ती नामे लिहावीत : बॉल, पिच, बेड, कॅसल, हेअर, ट्यून, वॉक, पपी. नावे बाजूस ज्यांच्याशी जमत नाही ती लिहावीत : चेक, केक, मार्केट, मेमरी फोम, शिफारसपत्र. नवा प्रयोग आढळला की खाते अद्ययावत करावे. ही पद्धत माझी एकट्याची नव्हे. शब्द कोणत्या शब्दांच्या संगतीत येतो, याकडे भाषाशास्त्राचे लक्ष वेधणारे जे. आर. फर्थ हे १९१९ ते १९२८ या काळात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना परभाषिक विद्यार्थ्यांसाठी कोश रचला. तो १९४२ मध्ये तेथे छापला गेला आणि १९४८ पासून ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. आज ‘ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ म्हणून जो कोश मुलांच्या टेबलावर दिसतो, तो हाच. त्यात अर्थाइतकेच महत्त्व उदाहरणवाक्यांना आहे. इंग्रजी-मराठी कोश अर्थाच्या दारापर्यंत नेतो. आत कोण कोण बसले आहे, ते अशा कोशातून कळते. घरी दोन्ही असावेत.

शेवटी प्रश्न उरतो तो मराठीत बोलताना हा शब्द वापरावा का, याचा. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन केलेले कवी माधव ज्यूलियन हे फारसीचे व्यासंगी पंडित. त्यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि पुढे भाषाशुद्धीचाही आग्रह धरला. परभाषा मनापासून शिकणे आणि स्वभाषेतला शब्द जपणे या दोहोंत विरोध नाही, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते. ‘बाउन्सी’ला मराठीत एकच प्रतिशब्द नाही, ही उणीव मानण्याचे कारण नाही. चेंडूला ‘टप्पेदार’ म्हणावे, खेळपट्टीला ‘उसळती’, गादीला ‘उसळी देणारी’, चालीला ‘उडती’, केसांना ‘भरदार’, मुलाला ‘चैतन्याने सळसळणारा’. इंग्रजी एका शब्दात जे भागवते, त्यासाठी आपल्याकडे सहा शब्द आहेत. इंग्रजी बोलताना तो एक शब्द नेमका वापरावा आणि मराठी बोलताना हे सहा शब्द विसरू नयेत.

आता नेहमीप्रमाणे गृहपाठ. खालील पाच ठिकाणी ‘बाउन्सी’ योग्य की अयोग्य, ते घरातील लहानथोरांनी मिळून ठरवावे. पहिले : नातवाचा नवा रबरी चेंडू. दुसरे : काथ्याची गादी. तीसरे : बँकेतून परत आलेला चेक. चौथे : लग्नाच्या वरातीतील बँडची चाल. पाचवे : महापुरानंतर सावरलेली पेढी. उत्तरे अशी : पहिले योग्य. दुसरे अयोग्य, तेथे ‘फर्म’. तिसरे अयोग्य, तेथे ‘बाउन्स्ड’ किंवा ‘डिसऑनर्ड’. चौथे योग्य. पाचवे अयोग्य, तेथे ‘रेझिलिअंट’.

दुसऱ्या उत्तरात आलेला ‘फर्म’ हा शब्द आपल्यापैकी अनेकांच्या दुकानाच्या पाटीवर नाम म्हणून आणि गादीच्या लेबलावर विशेषण म्हणून वावरतो. या दोन अर्थांचे नाते काय, ते पुढील अंकी पाहू.